रकान्यात नसलेला कल

एकदा विमानात जाऊन आलेल्या इंधनावर तपासनिसाचा काडीचाही विश्वास नव्हता. ते वेगळ्या टाकीत रात्रभर निवळू द्यायचं, तळाचा नमुना काचेच्या बरणीत घ्यायचा आणि पाणी, गाळ काही नाही याची खात्री पटली की मगच सही. एकतीस वर्षांत त्याने कधी घाई केली नव्हती. टँकरवाला म्हणायचा, "साहेब, तुम्ही घरी चहासुद्धा उजेडात धरून बघत असाल."

आज तर घाईचा प्रश्नच नव्हता. दुरुस्तीसाठी टाक्या रिकाम्या केलेलं ते विमान दुपारच्या फेरीला त्याची मुलगी उडवणार होती आणि हेच इंधन त्यात परत जाणार होतं.

नमुना नितळ निघाला. पाणी लागलं की हिरवी होणारी पूड पिवळीच राहिली. त्याने बरणी टेबलावर ठेवली, पेन उघडलं आणि थांबला. बरणीतलं इंधन डावीकडे कललेलं होतं.

त्याने बरणी फिरवली. कल डावीकडेच. टेबलावर लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा बरोबर मध्ये होता. शेजारच्या ग्लासातलं पाणीही सरळ होतं.

"टेबल लंगडं असेल," टँकरवाला म्हणाला, पण बरणीकडे पुन्हा बघेना. "तिकडे विमान खोळंबलंय साहेब. भरू ना?"

फॉर्मवर पाणी, गाळ, रंग, घनता असे रकाने होते. कल असा रकाना नव्हता. पातळी तिरकी म्हणून इंधन नाकारलं, असं लिहिलं असतं तर सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. त्याने सही केली आणि त्या क्षणापासून त्याचा जीव टांगणीला लागला.

दोन वाजता विमान उडालं. तो बरणीसमोरून हलला नाही.

कल वाढत गेला. पावणेचारला इंधन एका बाजूने बरणीच्या काठाला टेकलं. थेंबही सांडला नाही.

चारला ते एकदम सरळ झालं.

दार उघडून मुलगी आत आली. "झाली फेरी, बाबा. एवढा घाम का फुटलाय तुम्हाला?"

त्याचे डोळे भरून आले. खिडकीबाहेर तिचं विमान आपल्या जागी उभं होतं. त्याने थर्मासातून दोघांना चहा ओतला.

ती भरभरून बोलत होती. बोलता बोलता तिने कप टेबलावर ठेवला.

त्याच्या कपातला चहा सरळ होता.

तिचा डावीकडे कलून काठाला टेकला होता.