कुंकवाखालची ओळ

कर्र... कर्र...

दुपारच्या शांततेत पाळण्याची कडी वाजली आणि मी हातातली चाळणी तशीच खाली ठेवली. धाकटा कूस बदलत होता, बस. पुन्हा सगळं गप्प झालं. ह्या कडीला किती वेळा एरंडेल लावलं, तरी तिचं बोलणं थांबत नाही. जानराव म्हणतात, "बोलू दे व तिले. तिनंच तं आपलं जमवलं."

खोटं आहे ते. कडी नंतर आली. आधी आला कागद.

त्या वर्षी दसऱ्याला मी कारंज्याच्या शिखरचंद शेठच्या कापसाच्या जिनात पहिल्यांदा पाय ठेवला. कडेवर मनकर्णा, जेमतेम वर्षाची. तिचा बाप ती पोटात असतानाच तापानं गेला. आसेगावला भावाच्या घरी दोन तोंडं जड झाली होती, म्हणून मी कामाला निघाले होते. हंगाम लागायचा होता, त्या दिवशी नुसती यंत्रांची पूजा. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे एका रांगेत उभे, प्रत्येकाला झेंडूचा हार. एवढं लोखंड एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं. छाती भरून आली.

भिंतीवर देवांच्या तसबिरी. त्यांच्या मधोमध एक तसबीर अशी, की तिच्यात देवच नाही! नुसती छापील अक्षरं. वर हार, खाली नारळ, आणि काचेवर बरोबर मध्ये कुंकवाचा जाड, ओला टिळा. बाया एकेक करून पुढे जात, डोकं टेकवत.

"हा कोनता देव व?" मी शेजारच्या बाईला विचारलं. मोतीबाई तिचं नाव, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची.

"कायदा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सरकारचा. नवा आला."

मीही हात जोडले. पण माझा बाप गावच्या शाळेत घंटा वाजवायचा. दाराशी बसून मी अक्षरं उचलली होती. समोर अक्षर दिसलं की ओठ आपोआप हलतात.

"नवस बोलून राह्यल्या, का वाचून राह्यल्या?"

मी दचकून मागे पाहिलं. पांढरी टोपी, कानामागं पेन्सिल, आणि डोळ्यांत असं हसू, जसं काही माझी चोरी पकडली. जिनातले हजेरीबाबू ते, कामरगावचे जानराव.

"वाचली तं काय झालं? बाईनं वाचलं तं अक्षर झिजते का?"

"नाय बाप्पा! झिजन कायले? उलट..." ते अडखळले. "उलट उजळ दिसते."

माझे कान तापले. मी घाईनं भिंतीकडे वळले. "मंग इथी कुकू काहून थापलं? अर्धी गोष्ट तं खालीच दबली."

"शेठानीबाईनं लावलं. पूजेतलं कुकू पुसत नसतात." आणि हळूच, "तुमचं नाव... हजेरीत लिवाले पाह्यजे ना?"

"तुळसा," मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल काढली, पण लिहिलं काहीच नाही. नुसतं पाहत राहिले.

हंगाम लागला. भोंगा व्हायचा, पट्टे फिरू लागायचे आणि पायाखालची जमीन गुरगुरायची. आम्ही ओट्यावर बसून रेच्यांना कापूस चारत असू. साठ-सत्तर बायांत लेकुरवाळ्या आम्ही बाराजणी. लेकरं मागं, सरकी काढलेल्या रुईच्या ढिगावर निजलेली. रुईसारखी मऊ जागा कुठं मिळणार? पण मोतीबाई दर थोड्या वेळानं उठून माझ्या मनीच्या नाकाशी बोट धरून पाही. गेल्या हंगामात तिचं लेकरू असंच ढिगावर निजलं होतं. वरून रुई घसरली. रेच्यांच्या आवाजात कोणाला काही ऐकूच आलं नाही.

हे कळल्यापासून माझा एक डोळा कापसावर आणि एक मागं असे. हजेरी घेताना जानराव म्हणत, "तुळसाबाई, समोर पाहा. बोट जाईन रेच्यात. मांगं मी पाहून राह्यलो."

आणि खरंच, ते पाहत असत.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी शेठजी स्वतः ओट्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही.

"कारखाने तपासनारे सरकारी साहेब येनार हायेत. नव्या कायद्यात लेकरू यंत्राजवळ दिसलं का मालकाले दंड. माह्याजवळ इलाज नाय. लेकुरवाळ्यांनी उद्यापासून येऊ नये."

बाराजणींचे हात थांबले. रेचे रिकामेच फिरत राहिले. मला डोळ्यांसमोर आसेगाव दिसलं, भावाचं दार, आणि ताटाकडे पाहणारी भावजय.

दुपारच्या सुट्टीत मी हजेरीच्या खोलीत गेले. "बाबू, खरंच असं लिवलं?"

"लिवलं हाय." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "मीच वाचून दाखवलं शेठले."

"सारं?"

"कुकवापर्यंत."

"अन् खाली?"

त्यांची मग कानशिलं लाल झाली. "शेठ म्हने, पूजेचा कागद हाय, हात लावू नोको. मी बी... नाय लावला."

"बारा बायांचं पोट त्या टिळ्याखाली दबलं, बाबू! अन् तुमी उजळ अक्षराच्या गोष्टी सांगता."

ते ताडकन उठले, थेट भिंतीशी गेले. तसबीर काढली, छातीशी धरली आणि शेठजींच्या बैठकीकडे चालू लागले. नोकरी जाईल हे त्यांच्या चालीतच दिसत होतं. मी मागोमाग.

बैठकीत शेठजींजवळ भंवरीबाई शेठाणी बसल्या होत्या. तसबीर पाहून त्या उभ्याच राहिल्या. "अरे, पूजेतली कायले काढली?"

"खालची ओळ वाचाची हाय, माताजी. कुकू पुसा लागन."

"राम राम! कुकू पुसनार? या घरात?"

शेठजींनी तसबिरीकडे नेलेला हात मागं घेतला. जानरावांचं बोट काचेपर्यंत गेलं आणि थबकलं. सगळे त्या लाल टिळ्याकडे पाहत होते, जसं काही तो पेटलेला आहे.

मी पुढं झाले. "माह्या हातून पुसू द्या. माहं तं कवाचंच पुसलं. अजून काय बिघडन?"

मी बोट ओलं केलं आणि टिळा पुसला. सुकलेलं कुंकू हळूहळू सुटत गेलं, आणि त्याखालून एकेक अक्षर वर येऊ लागलं... जानरावांनी वाचलं.

"ज्या कारखान्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील, तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांकरिता मालकाने वेगळी, हवेशीर खोली राखावी."

मला वाटलं, जमीन पुन्हा गुरगुरते आहे. कुठं नागपूर, कुठं दिल्ली! तिथं खुर्चीवर बसून कोणी तरी माझ्या मनीचा विचार केला होता? तिला पाहिलंही नसताना? भिंतीवरचा तो कागद आम्ही यायच्या आधीपासून आमची वाट पाहत होता, आणि आम्ही त्याला नमस्कार करून खाली मान घालून निघून जात होतो.

"हे सरकार आता माह्या जिनात पाळने बांधते काय!" शेठजी म्हणाले. "खोली म्या द्याची, पाह्यले बाई म्याच ठेवाची?"

"बांधा," भंवरीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मोतीबाईचं लेकरू गेलं, त्या दिवशी माह्या घशाखाली पानी उतरलं नवतं. अन् ह्या ओळीवर मीच कुकू थापलं! बारदानाची खोली रिकामी करा."

मग शेठजींनी तसबीर स्वतः वाचली, पहिल्या अक्षरापासून. वाचून झाल्यावर तिला हात जोडले. ह्या वेळी हार घातला नाही.

बाहेर आल्यावर मी पदरानं बोट पुसायला गेले, तर जानराव हळूच म्हणाले, "राहू द्या ना... नोका पुसू."

मी बोटाकडे पाहिलं. लाल. कित्येक दिवसांत तो रंग माझ्या हाताला लागला नव्हता. पुसलं मी ते, पदराच्या टोकाला. पण ते टोक पुढं धुवायला मन झालं नाही.

खोली झाली. तागाच्या झोळ्या झाल्या. रेच्याच्या मोडक्या लोखंडातून जानरावांनी लोहाराकडून बारा कड्या घडवून आणल्या. लेकरांजवळ मोतीबाई बसू लागली, आणि तिला बारा लेकरांनी एकदम माय म्हटलं. जानराव दिवसातून चारदा कडी तपासायला येत. नेमकी मनीचीच.

"बाकी अकरा कड्या पक्क्या हायेत वाटते?" मी विचारी.

"ही आवाज करते ना. ध्यान द्या लागते."

होळी आली. हंगाम सरला, भोंगा बंद झाला. मी गाठोडं बांधून फाटकाशी उभी होते, आसेगावला जायला. जानराव आले. हातात ती कडी.

"हे घेऊन जा. मनीले सवय झाली." मग टोपी सारखी करत म्हणाले, "त्या दिवशीचं कुकू... कुठी पुसलं होतं?"

मी पदराचं टोक पुढं केलं. फिकट, पण होतं.

"आपल्यात पाट लावतात, दुसरं लगन," ते टोकाकडे पाहत म्हणाले. "तुमी म्हनसान तं... मी तुमच्या भावाले भेटतो. म्हनसान तंच."

मी कडी त्यांच्या हातात परत दिली. "एकटीनं टांगता येत नाय," म्हटलं. "खुंटी उंच असते."

तेच हसू! चोरी पकडल्याचं...

कर्र.

"माय व!" मनकर्णा आली. सहावं लागलंय तिला. नवा कागद आल्यावर शेठजींनी जुनी तसबीर आम्हाला दिली, ती पाळण्यावर टांगली आहे. बोट लावून लावून ती वाचते, "मु-लां-क-रि-ता." आज तिनं सगळी ओळ एका दमात वाचली, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"माय, मोतीमायचं लेकरू गेलं, तवा हे ओळ कुठी होती?"