रिकाम्या डब्यातल्या हाका

कुणा तिऱ्हाइताकडून ऐकून लिहीत नाहीये. यातलं निम्मं माझ्या बहिणीसमोर घडलंय आणि निम्मं माझ्यासमोर.

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. भूतबित आम्ही मानत नाही. तरी ही गोष्ट आईला अजून सांगायची हिंमत झालेली नाही.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. भर दुपारची.

माझी मोठी बहीण, अपेक्षाताई, बीड बायपासकडच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. पांढऱ्या उंदरांवर. नुकतं जन्मलेलं पिल्लू आईजवळून उचलायचं आणि काचेच्या डब्यात थोडा वेळ एकटं ठेवायचं. त्याला गार लागतं. भीती वाटते. ते आईला हाका मारतं.

पण त्या हाका माणसाला ऐकू येत नाहीत. आवाज इतका बारीक की आपला कान तिथवर पोचतच नाही. म्हणून डब्यावर खास माइक असतो. पिल्लू ओरडलं की कॉम्प्युटरवर रेघा उमटतात. भीती कमी करणारं औषध दिलं की रेघा किती घटतात, हे ताई बघायची.

काम संपलं. काम संपल्यावर पिल्लं जिवंत ठेवत नाहीत. तसा नियमच असतो.

दुसऱ्या दिवशी ताई सामान आवरायला गेली. आवरण्याआधी तिनं कॉम्प्युटर सुरू केला...

रेघ उमटली.

मग अजून एक.

डबा रिकामा होता.

तिनं वायर बदलली. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली. रेघा येतच राहिल्या. माइक डब्याबाहेर धरला की थांबायच्या. आत धरला की परत सुरू...

खोलीत एकच उंदरीण उरली होती, त्या पिल्लांची आई. ती पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून डब्याकडं बघत होती.

पिंजरे धुणाऱ्या कडूबाई तेवढ्यात आत आल्या.

"ताई, ही सकाळधरनं अशीच हाय. दाणा खाईना. काय बघतीय तिकडं?"

ताईनं उंदरिणीला डब्यात सोडलं.

ती तडक एका कोपऱ्यात गेली. वाकली. आणि तोंडानं काहीतरी उचललं...

तोंडात काहीच नव्हतं.

पण जबडा पुरता मिटलेला नव्हता. मानगुटीला धरून पिल्लू न्यावं, तशी ती मान उंच करून डब्यात फिरायला लागली. ताईनं कापूस टाकला. उंदरिणीनं त्याचं घरटं केलं. ते जे काही होतं, ते आत ठेवलं. चाटलं. मग अंगाची कमान करून त्याच्यावर बसली. पाजायला.

रेघा थांबल्या.

कडूबाईंनी तोंडाला पदर लावला. "मी उद्यापासून नाय यायची, ताई." खरंच आल्या नाहीत.

ताईनं मला फोन केला. मी बजाजनगरला कामावर होतो, तिथून गाडी काढून गेलो. आधी हसलोच. म्हटलं, मायेपोटी उंदरीण खुळावली असेल. तिच्या पोटाखाली हात घातला...

कापूस सगळा उबदार होता. फक्त एका जागी दबलेला. बोटाच्या पेराएवढा खड्डा. आणि तेवढीच जागा बर्फासारखी गार.

मी हात झटक्यानं बाहेर काढला.

उंदरीण तिथून हलली नाही. काही खाल्लं नाही. ताईनं तोंडाजवळ भिजवलेले दाणे धरले, पाणी धरलं. तिनं तोंड फिरवलं. रोज ती हडकत गेली. शेवटी एका दुपारी तशीच, कमान केलेलीच मेली.

ताईनं तिला उचललं.

रेघा सुरू झाल्या.

मग ताईनं गरम पाण्याची पिशवी डब्याखाली ठेवली. रेघा कमी झाल्या. पिशवी गार झाली की परत वाढायच्या. तिनं ड्रॉपरनं दूध टाकलं. दूध कापसावर तसंच राहिलं. ती दिवसभर पाणी तापवत बसायची. मी तिच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन जायचो, तोही तसाच परत यायचा.

"ताई, घरी चल."

"गार पडतंय रे ते, भूषण."

तिचे गाइड सुदर्शन सर एक दिवस आले. माणूस चांगला. त्यांनी सगळ्या वायरी स्वतः तपासल्या. खुर्ची ओढून बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले. चेहरा उतरला त्यांचा.

"अपेक्षा, मशीन बंद कर."

"मशीन बंद केल्यावर ते गप्प होईल का, सर?"

 सरांनी उठून स्वतःच बटण दाबलं.

खोली शांत झाली, असं लिहिणार होतो. पण खोली आधीही शांतच होती.

ताईनं माझा हात धरला. "डबा घरी नेऊ?"

"नेऊन काय करणार, ताई? त्याला उचलणार कसं?"

ती खाली बसून रडायला लागली. मीही तिच्याशेजारी बसलो. दुसरं काय करणार?

ताईनं पीएच.डी. सोडली. आता वाळूजच्या एका कंपनीत आहे. त्या खोलीत हल्ली कॉलेजच्या परीक्षा विभागाची मंडळी बसतात. चहा पितात, गप्पा मारतात. डबा कुठं गेला, कुणालाच माहीत नाही.

परवा जेवता जेवता ताईचा घास हातातच राहिला. आई पाणी आणायला आत गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"उपाशी जीव मरून तरी सुटतो, भूषण. पण जे मेल्यावरही उपाशी आहे... ते कसं सुटणार?"

आई बाहेर आली. आम्ही दोघंही गप्प बसलो.