उत्तरेच्या भिंतीतला कोनाडा

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, ड्रमार्क घराण्याचं चॅपल, त्यांचं खासगी प्रार्थनाघर, त्यांच्या घरामागच्याच टेकाडावर होतं. चौदाव्या शतकात मूळ पुरुषाने बांधलेलं. आता छप्पर नाही. पूर्वेच्या उंच खिडकीची नुसती दगडी जाळी उभी. आत भिंतींतल्या कमानदार कोनाड्यांत, आपापल्या थडग्यांवर, घराण्यातली माणसं दगडाची होऊन निजलेली. उत्तरेच्या भिंतीतला एक कोनाडा तेवढा रिकामा.

एल्सपेथ रोज दुपारी टेप घेऊन तिथे जाई. तिच्या नवऱ्याची, रुअरीची, पहिली बायको शोना हिने चॅपलचा नकाशा काढला होता. तो पुरा झाला त्याच वर्षी ती तापाने गेली. नकाशा दिवाणखान्यात अजून टांगलेला, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे थबकायचा. एल्सपेथला त्यात एक, फक्त एक चूक हवी होती. तिने खांब मोजले, पायऱ्या मोजल्या, रिकामा कोनाडा मोजला. पाच फूट दहा इंच. शोनाने लिहिलं होतं तेच.

शेवटी तिने नकाशा नव्या कागदावर उतरवला, खाली पेन्सिलीने स्वतःचं नाव घातलं आणि जुना चुलीत सारला.

दुसऱ्या दिवशी कोनाडा पाच फूट दोन इंच भरला. तिने तीनदा मोजला. मग जवळजवळ धावतच घर गाठलं.

"आत्याबाई, तुमच्या शोनाची चूक सापडली! कोनाडा चक्क आठ इंच जास्त लिहिलाय. पाच दहा म्हणे!"

रुअरीची आत्या मॉरव्हन ओटच्या भाकऱ्या थापत होती. "पाच दहा? अगं, ती तर तिची उंची. या दारातून वाकून यायची बिचारी. तू आपली ताठ येतेस."

एल्सपेथने मागे वळून दाराच्या चौकटीकडे पाहिलं. स्वतःची उंची तिला ठाऊक होती. पाच फूट दोन इंच.

तिने नकाशा टेबलावर पसरला. आपलं नाव खोडायचं, शोनाचं लिहायचं, की कोनाडा पुन्हा तिच्या मापाचा; एवढंच काम. खोडरबर कागदाला टेकलं, तोच रुअरी मागे येऊन उभा राहिला.

"हा तू काढलास?" तो वाकून बघतच राहिला. "शोनालासुद्धा असा जमला नव्हता गं."

लग्नाच्या चार वर्षांत असं पहिल्यांदाच म्हणाला तो.

तिने खोडरबर खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती टेप न घेताच गेली. आठवडाभर ऊन पडलं नव्हतं. भिंतींना ओल सुटली होती. कोनाड्यातला पाला कुणीतरी झाडून काढला होता. डोक्याच्या बाजूला दगडात उशी कोरलेली. काल ती नव्हती.

तिने हात लावला.

उशीला मधोमध खळगा पडला होता, आणि तेवढाच दगड उबदार होता.