होडीला भोक नाही

गेम सदोष आहे, असा शेरा तपासूने मारला आणि कनकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तपासू हा मिरजेच्या बालविज्ञान केंद्रातला रोबो. मुलांनी बनवलेले व्हिडिओ गेम तो आधी स्वतः खेळायचा. तो पास करील तेच उद्याच्या प्रदर्शनात मांडायचे. कनकच्या गेममध्ये दीपगृहाचा म्हातारा रखवालदार गोष्ट सांगतो आणि खेळाडूने बेटावरून घरी पोचायचं असतं. तपासू पुन्हा पुन्हा खेळला, पण दरवेळी बेटावरच अडकला. असं का झालं असेल?

"होडीत का नाही बसलास?" कनकने विचारलं.

"होडीला भोक आहे."

"तू पाहिलंस?"

"नाही. निवेदक (गोष्ट सांगणारा) तसं म्हणाला."

"म्हणू दे की! जाऊन बघ."

तपासूने जाऊन पाहिलं, तर होडी चांगली धडधाकट! "म्हणजे चूकच. त्याचं बोलणं आणि होडी जुळत नाहीत. बोलणं दुरुस्त कर, नाहीतर गेम बाद."

दुसरी एखादी मुलगी रडली असती. कनक भांडली.

"एक शब्द बदलणार नाही! होडी कशी आहे ते मी आज्ञावलीत (संगणकाला दिलेल्या सूचनांत) लिहिलंय. म्हातारा काय बोलतो ते वेगळं लिहिलंय. दोन्ही मीच घडवलंय, मुद्दाम न जुळणारं! तो अविश्वसनीय निवेदक आहे (ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा). पुस्तकात असा कुणी थापा मारायला लागला, तर त्याच्याच शब्दांत काय खटकतंय ते शोधावं लागतं. गेममध्ये आपल्याला हातपाय असतात. उठून बघता येतं!"

"पण तो खोटं का बोलतो?"

"सगळे गेले की तो एकटाच उरतो. घाबरतो बिचारा."

तपासूने गेम पुन्हा सुरू केला. या वेळी तो थेट होडीत बसला. "बुडशील रे!" म्हातारा ओरडत होता. होडी काही बुडाली नाही. किनारा दिसला आणि तपासूने गेमवर 'पास' असा शेरा दिला. कनकने हवेत मूठ उंचावली.

तपासूने मात्र वल्ही सोडली नव्हती. "होडी परत वळवता येईल?"

"कशाला? जिंकलास की!"

"दोघांची जागा आहे. त्याला घेऊन येतो."

हे कनकच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण घडवलेल्या म्हाताऱ्यासाठी दुसरंच कुणी हळहळतंय, याचा तिला इतका आनंद झाला की ती लगेच खुर्ची ओढून टाइप करायला बसली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी फक्त जाण्याचा समुद्र केलाय. परतीचा बनवते."