कोरी बाटली

पाचपर्यंत निकाल मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर गेला नाही, तर रसायनशास्त्र शिकणाऱ्या त्या मुलीचे सुट्टीतल्या प्रकल्पाचे दोन महिने मातीमोल होणार होते. उरलं होतं ते अगदी किरकोळ. एमआरआयचं चित्र उजळ करणाऱ्या, तिनं रसायनशाळेत बनवलेल्या औषधाच्या नळ्यांचे स्कॅन झाले होते. ते ताडून पाहायला साध्या पाण्याच्या बाटलीचं एक चित्र हवं होतं, बस्स.

पण हॉस्पिटलच्या तळघरातल्या एमआरआयच्या पडद्यावर बाटलीच्या चित्रात पट्टे उमटले. फिकट, सारख्या अंतरावर.

"काका, हे काय?"

"काहीतरी हललं," मशीन चालवणारे काका म्हणाले. "पेशंट श्वास घेतो ना, तेव्हा असे येतात."

"पण आत बाटली आहे."

"मग बाटलीला सांग, गप पड म्हणून. घाबरट कुठली." हसत हसत ते चहाला गेले.

तिनं बाटलीला वाळूच्या पिशव्यांची टेकण लावली. पुन्हा स्कॅन. पट्टे आणखी ठळक. यंत्राचा पंप ठक... ठक... करत होता, आणि स्पिरिटचा वास डोक्यात चढत होता. पावणेपाच झाले.

रडकुंडीला येऊन तिनं पेशंटला सूचना ऐकवणाऱ्या दोन बटणांपैकी पहिलं दाबलं. काचेपलीकडे रेकॉर्ड केलेला आवाज घुमला, "श्वास घ्या... रोखून धरा..."

तिनं स्कॅन लावला आणि चित्र आलं. स्वच्छ.

बाटलीनं ऐकलं होतं. पण घड्याळ थांबणार नव्हतं. चित्र घेऊन ती जिने चढत सुटली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "इतकं स्वच्छ कसं मिळवलंस गं?"

चित्र टेबलावर ठेवून ती दाराकडे वळली.

पिशवी घ्यायला ती खाली आली, तेव्हा काका दारातच उभे होते.

"आत कुणाला झोपवलं होतंस?"

"कुणालाच नाही, काका."

"मग घंटा कोण वाजवत होतं? मी आलो तेव्हा वाजतच होती... आता थांबली."

घाबरलं तर दाबून घंटा वाजवायला पेशंटच्या हातात देतात तो रबरी फुगा सकाळपासून खुंटीला होता. आता तो बाटलीशेजारी पडला होता, चेपलेला. रबरात चार बोटांचे खड्डे होते, आणि ते भरत नव्हते.

तिची नजर दुसऱ्या बटणावर गेली. ते दाबायचं राहूनच गेलं होतं.

तिनं ते दाबलं. "आता श्वास सोडा..."

मग तिनं पुन्हा स्कॅन लावला. दोघं पडद्याकडे बघत राहिले.

एकही पट्टा आला नाही.