खालचा नळ

मी किंचाळले तेव्हा टबमध्ये पाण्याचा एक थेंबही नव्हता.

पावर हाउसच्या बाजारातलं बाबुलाल सेठचं नळ-बेसिनांचं दुकान. रविवारची सकाळ. आमच्या क्वार्टरमधला नळ कधीपासून टिपटिप करत होता, त्याचा वायसर घ्यायला मी आले होते. जुना वायसर दाखवायला म्हणून पर्समध्ये हात घातला आणि तेवढ्यासाठी शेवूचं बोट सोडलं. वळून बघते तर पोरगी नाही. मग दिसलं... मागच्या बाजूला, ओळीनं मांडलेल्या वॉशबेसिनांच्या पलीकडं, एका भल्यामोठ्या पांढऱ्या टबच्या काठावर तिची लाल रिबीन तेवढी वर आलेली.

"शेवू!"

तो आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. धावत जाऊन मी तिला दंडाला धरून वर ओढलं. टबमध्ये आणखी कोणीतरी होतं. बूट काढून बाजूला नीट ठेवलेले, गुडघे पोटाशी घेतलेले, हातात शॉवरचा दांडा वल्ह्यासारखा धरलेला — पस्तिशीचा एक माणूस माझ्याकडं बघत होता.

"कोरडा आहे, बाई," तो हळूच म्हणाला. "आम्ही नावेत बसलो होतो."

"आई, आम्ही रशियाला चाललो होतो!" शेवू रडवेली झाली.

"अरे बहनजी," गल्ल्यावरून सेठ हसला, "बिना पानी के कोई डूबता है क्या?"

दुकानातले सगळे हसले. तो माणूस मात्र हसला नाही. टबमधून उतरला, बूट घातले, आणि मी शेवूचे केस, फ्रॉक चाचपून बघतेय हे पाहून अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "कोणी... पाण्यात?"

"हिचे बाबा. पिकनिकला गेले होते, तलावावर. ही दहा महिन्यांची होती."

अनोळखी माणसाला मी हे का सांगितलं असेल? सगळे हसले तेव्हा तो एकटा हसला नव्हता, म्हणून असेल.

त्याचं नाव शामसुंदर लांजेवार. स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलला इंजिनीअर. जवळच्या कोहक्याला वडिलांनी बांधलेलं जुनं घर होतं, ते तो नव्यानं दुरुस्त करत होता. आणि सगळ्या घरात त्याचा जीव अडकला होता तो एका टबमध्ये.

"ट्रेनिंगला रशियात होतो ना, तिथं मिलमधून आलं की गरम पाण्यात नुसतं पडून राहायचं. किती वर्षं झाली, अजून त्या पाण्याचं स्वप्न पडते मले."

"कोहक्याला नळ येतो तासभर. टब भरणार कशानं?"

"हे तर सगळेच म्हणतात. तुम्ही काहीतरी वेगळं सांगा."

"वेगळं?" मी टबच्या काठावर हात ठेवला. "ही उंची बघा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून बघितलं की सरळ आत. ज्या घरात मूल येईल-जाईल, त्या घरात टब नको."

"माझ्या घरात मूल नाही. बायकोच नाही तर मूल कुठलं?"

"शेजाऱ्यांचं येईल."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "बरं. आणखी काय नको?"

मग मी बोलतच सुटले. आतली कडी खाली नको, मूल स्वतःला कोंडून घेतं. गुळगुळीत टाइल नको. गीझरचं बटण ओल्या हाताला लागेल असं नको. तीन वर्षं रोज रात्री जे जे डोळ्यांपुढं येत होतं, ते सगळं मी त्या परक्या माणसाला सांगून टाकलं.

"बाप रे! आमच्या मिलला असा सेफ्टी ऑफिसर पाहिजे होता." तो हसला. मग खिशातला रुमाल उगाचच उलगडून पुन्हा घडी करत म्हणाला, "पुढच्या रविवारी टाइल्स बघायला येणार आहे मी. तुमचा वायसर... पुन्हा खराब होईल का?"

"नवाच घेतलाय."

"बाबुलालचे वायसर आठवड्याच्या वर टिकत नाहीत."

"ओ साहब! मेरा धंदा मत बिगाड़ो!" सेठ ओरडला.

पुढच्या रविवारी वायसर चांगलाच होता. मी तरी गेले.

त्यानंतरचे ते रविवार! प्लांटच्या ऑफिसात टाइपरायटरवर बसले की माझ्या डोळ्यांपुढं नळ यायचे. तो एकेक नळ उचलून दाखवायचा.

"हा?"

"टोक लागेल डोक्याला."

"कोणाच्या?"

"...कोणाच्याही."

"मग हा, मॅडम सेफ्टी?"

"हा इतका घट्ट आहे की मलाच फिरत नाही."

"तुमच्यात ताकद नाही म्हणून नळाले कावून नावं ठेवता?"

शेवूला टेलिफोनसारखा हातात धरायचा शॉवर आवडला होता. ती त्यात "हॅलो रशिया" म्हणायची आणि तो दुसऱ्या टोकाची नळी कानाला लावून उत्तरं द्यायचा. सेठ आम्हाला चहा मागवायला लागला होता. आम्हाला, म्हणजे तिघांना मिळून.

एकदा टाइलची परीक्षा घ्यायची म्हणून सेठनं जमिनीवर चार टाइल्स मांडून वर मगभर पाणी ओतलं. मी चप्पल काढून त्यावर उभी राहिले. थंडीचे दिवस, पाय गारठले. एक पाऊल टाकलं... आणि त्याचा हात माझ्या कोपराशी आला. लागला नाही. वीतभर अंतर ठेवून तसाच थांबला.

"पडलीस तर..." तो बोलून गेला.

'तुम्ही' म्हणायचा तो. 'तू' कधी म्हणाला नव्हता.

"तर?" मी विचारलं.

"तर..." त्याचे कान लाल झाले होते. "तर टाइल रद्द."

मी घरी येताना ऑटोत शेवूला मांडीवर घेऊन हसत होते. आणि हसताना भीतीही वाटत होती. माझ्या वाट्याला आलेलं बरं काही फार दिवस टिकत नाही, याची मला सवय झालेली होती.

घरी आम्ही तिघं. मी, शेवू आणि माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते. बाबाराव बावनकर, सासूबाई गेल्यानंतर पोराच्या आधारानं राहिलेले, आणि मग पोरगाही, माझा नवरा अरुण, गेलेला. मी ड्यूटीवर गेले की शेवूला तेच जेवू घालत, तेच शाळेत सोडत. शेवंता हे नाव त्यांनीच ठेवलेलं, त्यांच्या आईचं. दर संक्रांतीला तिला दाराच्या चौकटीशी उभं करून डोक्यावर पेन्सिलची रेघ ओढायचे. अरुणच्या लहानपणीही असंच करत, म्हणे.

एका संध्याकाळी ते शेवूला बूट घ्यायला पावर हाउसला घेऊन गेले. परत आले ते ओसरीवरच बसले. बुटांची पिशवी मांडीवर तशीच.

"तो नळवाला सेठ," ते म्हणाले, "शेवूले ओळखते. मले हाक मारली. म्हणे, बाबूजी, बधाई हो. बेटे-बहू का कोहका वाला मकान बढ़िया बन रहा है. बेटा बड़ा शौकीन है आपका."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"बेटा म्हणे. माझा बेटा." त्यांनी पिशवीचं तोंड पुन्हा पुन्हा दुमडलं. "एक घडी वाटलं मले, शैला... अरुणच आला. कुठंतरी होता इतके दिवस, आता घर बांधून राहिला."

"मामाजी, तसं काही नाही..."

"मी तुले बोलून नाही राहिलो. जवान आहेस तू. तुले जायचं असंन तर जाय, मी आडवा येणार नाही. पोरगी मात्र ठेव. त्याची येवढीच एक चीज उरली मायाजवळ."

ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी शेवूला जवळ ओढलं आणि भुईमुगाच्या शेंगा सोलून एकेक दाणा तिच्या तोंडात घालायला लागले. मी आत गेले. त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री मला झोप नव्हती. उठून शेवूचा श्वास बघायचा, मग मामाजींचा खोकला ऐकायचा. दोघांना एकमेकांपासून तोडलं तर कोणीच जगणार नाही, असं वाटायचं.

रविवार आले आणि गेले. मी पावर हाउसला गेले नाही.

संक्रांत झाली, आणि दोन दिवसांनी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या ऑफिसच्या दारात उभा राहिला. काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "काम संपलं. सेफ्टीची तपासणी तेवढी बाकी आहे. एकदाच या... शेवूला घेऊन."

पौषातला भुरभुर पाऊस पडत होता. कोहक्याच्या त्या घराचं फाटक ढकललं आणि मी थांबले. अंगणात टब होता. तोच, पांढरा, भलामोठा. काठापर्यंत काळी माती भरलेली, आणि मातीत पिवळी शेवंती. पावसात न्हालेली.

"आई, नाव!" शेवू धावली. "नावेत फुलं!"

"घेतला तर होता," तो म्हणाला. "सेठ परत घेईना. मग म्हटलं, पाणी नको, माती भरू."

बाथरूममध्ये टबची जागा मोकळी होती. तिथं एक बुटका, खडबडीत दगडाचा ओटा. कडी अगदी वर. गीझरचं बटण बाहेर. मी एकेक बघत होते आणि माझी एकेक भीती त्या भिंतीवर मला भेटत होती, कोणीतरी तिला समजावून शांत बसवलेली.

नळ दोन होते. एक नेहमीच्या उंचीवर. दुसरा त्याच्या बराच खाली.

शेवूनं तो फिरवला. सहज फिरला. पाणी आलं आणि तिनं खिदळत डोकं नळाखाली घातलं. बरोबर डोक्यावर धार. ना वाकावं लागलं, ना टाचा उंचवाव्या लागल्या.

"हा खालचा..." मी त्याच्याकडं वळले.

"तुम्हीच म्हणालात ना, ज्या घरात मूल येईल-जाईल..."

"मी शेजाऱ्यांच्या मुलांचं म्हणत होते."

"मी शेजाऱ्यांसाठी नाही केलं, शैला."

बाहेर पावसाचा बारीक आवाज. मी ओल्या शेवूला पदरात घेतलं आणि सगळं सांगितलं. सेठचं बोलणं, बुटांची पिशवी, शेंगांचे दाणे.

"त्यांनाही आणू या," तो म्हणाला. "खोली आहे. मी जाऊन बोलतो त्यांच्याशी, पाया पडतो."

"ते नाही म्हणणार नाहीत कदाचित. म्हणूनच नको." मी त्याच्याकडं बघितलं नाही. "एक घडी त्यांना वाटलं अरुण आला. इथं आले तर रोज सकाळी उठून बघतील, की आलेला माणूस अरुण नाही. हे मी कसं करू त्यांना?"

त्यानं खिशातला रुमाल काढून शेवूचे केस पुसले.

"आणि ही वाढतेय," मी म्हणाले. हसायचा प्रयत्न केला. "दोन-तीन वर्षांत हा नळ तिला खालीच पडेल."

"वर सरकवू."

"कोण सरकवणार?"

"केवलराम प्लंबर आहे. मी आहे."

मी वाकून तो नळ घट्ट बंद केला. थेंबभरही गळला नाही. "काम चांगलं झालंय," मी म्हणाले. "पास."

"मॅडम सेफ्टी," तो फाटकाशी म्हणाला, "तपासणी दरवर्षी असते."

मी फाटक ओढून घेतलं. शेवूनं शेवंतीचं एक फूल तोडून घेतलं होतं. ते वाटेत कुठंतरी पडलं, त्यासाठी ती घरापर्यंत रडली. मला तर तेवढीही सोय नव्हती.

मग उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी त्याला फक्त एकदा पाहिलं, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. प्रसादाच्या रांगेत आम्ही पुढं, तो बाजूला खांबाशी. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. शेवूकडं मात्र बघितलं — डोक्यापासून पायापर्यंत, शिंपी बघतो तसं. आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं. माणसाचं मन किती दिवस रिकाम्या घरात थांबेल?

दसऱ्याच्या आधी आमचा नळ पुन्हा टिपटिप करायला लागला. मामाजींनी प्लंबर बोलावला. तो केवलराम निघाला. पाना फिरवता फिरवता आपला बोलत होता.

"दुनिया में कैसे-कैसे आदमी हैं, बाबूजी. कोहका में एक साहब है, लांजेवार साहब. अकेला आदमी, घर में कोनो लइका-बच्चा नहीं. और कल नीचे वाला नल उखड़वा के ऊपर करवाया."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं.

मामाजींनी पेपर खाली घेतला. "किती वर?"

"तीन उंगल. मैं बोला, काहे साहब? तो बोला, बच्ची बढ़ गई है. मैं बोला, कौन बच्ची? तो कुछ नहीं बोला."

मामाजी उठले. "शेवू, इकडं ये वो," त्यांनी हाक मारली. तिला दाराच्या चौकटीशी उभं केलं. संक्रांतीची रेघ तिच्या डोक्याच्या खाली गेली होती. त्यांनी रेघेवर आपली बोटं आडवी ठेवली. एक, दोन, तीन. तिसऱ्या बोटाशी तिचे केस लागले.

ते बघतच राहिले.

"नजर बरी आहे मानसाची," शेवटी ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. मग केवलरामकडं वळले. "त्या साहेबाले सांगजो..."

केवलराम पाना हातात घेऊन थांबला. मीही थांबले. तव्यावरची पोळी करपल्याचा वास यायला लागला.

"...काही नाही. जाय तू."

केवलराम पिशवी सायकलला अडकवून निघून गेला. शेवू केव्हाच निसटून खेळायला पळाली होती. मामाजींची तीन बोटं मात्र चौकटीवर तशीच होती.