सात देशांचं विरजण

एका इमारतीत वीस घरं, प्रत्येक घरात फ्रीज, जवळपास प्रत्येक पानात रोज दही. आणि तरी एके दिवशी सगळ्या इमारतीत मिळून चमचाभर विरजण सापडू नये, हे कसं काय? शाल्मलीला हे कोडं पडलं तेव्हा ती रिकामी वाटी हातात घेऊन जिन्यात उभी होती आणि रडू आवरत होती.

मिरजेत धापताप येऊन महिना होत आला होता. आधी ताप चढायचा आणि मग बसल्या जागी माणसाला धाप लागायची, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं. बाजार बंद होता, दूधडेअऱ्या बंद होत्या, सामान पोचवणारे ड्रोनसुद्धा जमिनीवर बसवले होते. शाल्मलीचे बाबा बंगळुरूला अडकले होते. आई परिचारिका. ज्या वॉर्डात ती इतरांना प्राणवायू लावायची, त्याच वॉर्डात आता तिलाच प्राणवायू लावला होता. सकाळी तिचा निरोप आला की घशाखाली काही उतरत नाही, थोडा दहीभात मिळाला तर बघा.

घरात तांदूळ होते, दुधाची भुकटी होती. दह्याच्या भांड्याकडे मात्र आई गेल्यापासून कुणी पाहिलंच नव्हतं. त्याच्यावर हिरवीगार बुरशी चढली होती.

म्हणून शाल्मली वाटी घेऊन निघाली. समोरच्या काकू दाराआडूनच म्हणाल्या, "मी तर खालच्या चौगुल्यांकडनं आणते गं." चौगुलेकाकू म्हणाल्या, "रोज विरजण राखायला सवड कुणाला? लागलं की मी वरच्या मुल्लाभाभींकडनं घेते." आणि मुल्लाभाभी म्हणाल्या, "आमच्याकडं कुठलं, बेटा? मी तुझ्या आईकडनंच घेते की!"

झालं! सगळी इमारत एकाच भांड्यावर जगत होती, आणि हे त्या भांड्याच्या मालकिणीलाही ठाऊक नव्हतं.

शाल्मली घरी आली तेव्हा तिचे आबा, म्हणजे डॉ. भूपाल मगदूम, फोनवर होते. मुंबईहून आरोग्य खात्याचे एक मोठे अधिकारी बोलत होते आणि त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "डॉक्टरसाहेब, पैशाची अजिबात काळजी करू नका. मागाल तेवढे देतो. तुमच्या त्या फुफ्फुसकळ्या तेवढ्या द्या."

"दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या दारात बसून होतो, साहेब," आबा म्हणाले. "चहा पाजून परत पाठवलंत. कळ्या मेल्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

आबांना एवढं कडवट बोलताना शाल्मलीने कधी ऐकलं नव्हतं. तिने घाबरतच विरजणाची हकीकत सांगितली. आबा हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. मग उठून त्यांनी भुकटीचं दूध कोमट केलं आणि त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकले.

"देठानंही दही लागतं. पण पहिलं पाणचट लागतं. त्याच्यावर दुसरं लावायचं, मग तिसरं खाण्याजोगं. दोन-तीन दिवस जातात. घाई चालत नाही."

"आईला तोवर काय द्यायचं?"

"पेज," आबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमचंही असंच झालंय बघ. सात देशांचं."

"फुफ्फुसकळी म्हणजे काय, आबा?"

आबा पाटावर बसले. शिकवायला बसले की त्यांचा राग जरा निवायचा. "माणसाच्या फुफ्फुसातल्या थोड्याशा पेशी (शरीर ज्यांचं बनलेलं असतं त्या इवल्या जिवंत विटा) घ्यायच्या आणि बशीत खाऊपिऊ घालून वाढवायच्या. हळूहळू त्यांचा मोहरीएवढा गोळा होतो. तीच फुफ्फुसकळी. ती श्वास घेत नाही, पण वागते अगदी फुफ्फुसासारखी. आता समज, नवा विषाणू (पेशीत घुसल्याशिवाय वाढू न शकणारा अतिसूक्ष्म रोगकारक) आला. नवं औषध बनवायला वर्षं जातात. पण औषधाच्या दुकानात हजारो जुनी औषधं पडलेली असतात. त्यांतलंच एखादं चालेल का? हे माणसावर करून बघता येत नाही. मग हजार कळ्यांना विषाणू लावायचा आणि प्रत्येकीवर वेगळ्या औषधाचा थेंब टाकायचा. जी कळी जगली, तिचं औषध कामाचं. आमची ठकी हे काम आठवड्यात उरकायची."

ठकी म्हणजे प्रयोगशाळेतला यंत्रमानव. लांब हातांची, न दमणारी. गेली दोन वर्षं ती मिरजेच्याच एका कुलूपबंद खोलीत प्लास्टिकखाली उभी होती.

"पण मग सात देश कशाला? आपणच वाढवायच्या की कळ्या."

"कारण डोंगरावर राहणाऱ्यांची फुफ्फुसं वेगळी, धुरात राहणाऱ्यांची वेगळी. एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला बाधू शकतं. आणि साथ कुठल्या देशात उगवेल ते ती आधी कळवते होय? म्हणून सात देशांनी मिळून श्वासबंध नावाचा संघ काढला. प्रत्येकानं वर्गणी द्यायची, आपापल्या कळ्या वाढवायच्या आणि एकमेकांना द्यायच्या. मागची साथ आली तेव्हा आम्ही महिन्याच्या आत औषध शोधलं. फुलं उधळली लोकांनी आमच्यावर!"

"मग बंद का पडलं?"

"साथ गेली म्हणून." आबांचा आवाज पुन्हा चढला. "कळ्यांना दिवसाआड खाणं लागतं, पोरी. साथ असो नसो. गोठवून ठेवल्या तरी त्यांच्या भांड्यात द्रव नायट्रोजन (हवेतलाच एक वायू, अतिथंड करून पातळ केलेला) सारखा भरावा लागतो, कारण तो उडून जातो. पाहुणे यायचे आणि विचारायचे, यंदा काय केलंत? आम्ही म्हणायचो, कळ्या जगवल्या. ते एकमेकांकडे बघायचे. एका देशानं वर्गणी थांबवली, मग दुसऱ्यानं, मग आपणही. गरज सरो, वैद्य मरो!"

त्या दुपारी आबांनी जुन्या भागीदारांना पडद्यावर एकेक करून बोलावलं. शाल्मली शेजारी बसली होती. उत्तरेकडच्या एका थंड, श्रीमंत देशातले प्राध्यापक म्हणाले, "आम्ही टाक्या बंद केल्या. बेटवाल्यांकडे साठा आहे असं आम्ही धरून चाललो." बेटावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, मिरजेत असेल." आणि आबांना ही दोन वर्षं वाटत होतं की थंड देशात असेल, कारण त्यांच्याकडे काय, पैशाला तोटा नाही.

"आबा," शाल्मली हळूच म्हणाली, "हे तर आपल्या जिन्यासारखंच झालं."

 आबांनी चष्मा काढून पुसला.

पेरू देशातल्या प्रयोगशाळेचा फोन लागतच नव्हता. ती कधीच बंद झाली होती. तिथल्या डॉ. योलांदांना शोधायला दोन दिवस गेले. त्या आता डोंगरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होत्या. कळ्या उरल्यात का, असं आबांनी विचारलं. मग भाषांतर करणाऱ्या यंत्रातून त्यांचा आवाज आला, "आहेत. प्रयोगशाळेला टाळं लागलं तेव्हा मिरजेहून आलेल्या कळ्यांच्या चार नळ्या मी गुरांच्या दवाखान्यात नेऊन ठेवल्या. तिथे बैलांचं बीज गोठवून ठेवायला नायट्रोजनचं भांडं असतं. बैलांसाठी ते न चुकता भरतात."

शाल्मलीने टाळ्या वाजवल्या. आबा मात्र खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "सात देशांना जे जमलं नाही, ते बैलांनी केलं."

नळ्या खास विमानाने आल्या. आता पैसा नुसता वाहत होता. प्रयोगशाळेचं कुलूप तोडलं, ठकीवरचं प्लास्टिक निघालं, दारात गाड्यांची रांग लागली. मुंबईचे अधिकारी स्वतः येऊन बसले आणि रोज विचारू लागले, "डॉक्टर, वेग वाढवा ना! आणखी माणसं देऊ? आणखी यंत्रं देऊ?"

"एका पेशीच्या दोन व्हायला दोन दिवस लागतात," आबा म्हणाले. "तिच्यासमोर नोटा ठेवल्या तरी दोनच लागतात. तहान लागल्यावर विहीर खणायची तर पाणी लागेस्तोवर तहान सोसायला पाहिजे, साहेब."

पण तहान सोसत होती शाल्मलीची आई. पहिल्या आठवड्यात ती व्हिडिओवर हात हलवायची. पुढच्या आठवड्यात नुसतं बघायची. नंतर वॉर्डातल्या दुसऱ्या परिचारिकेनेच फोन उचलला. शाल्मली रोज प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभी राहून बशांकडे बघायची. चार नळ्यांमधून हजार कळ्या व्हायच्या होत्या, आणि बशा अजून निम्म्याही भरल्या नव्हत्या. तिला त्या कळ्यांचा भयंकर राग यायचा. मग वाटायचं, त्यांचा काय दोष? त्या तर आपल्या वेगाने वाढतच होत्या. दोन वर्षं त्यांना उपाशी कुणी मारलं होतं?

अखेर बशा भरल्या. ठकीने थेंब टाकले. आठव्या दिवशी एकच कळी गुलाबी राहिली, बाकीच्या करड्या पडल्या. कुठलं औषध, म्हणून आबांनी पाहिलं आणि नाव पुन्हा एकदा वाचलं.

ते सांधेदुखीवरचं जुनं, स्वस्त औषध होतं. कुठल्याही दुकानात मिळणारं. आई ज्या वॉर्डात निजली होती, तिथल्या कपाटातही त्याची खोकी होती. ती पहिल्या दिवसापासून तिच्या खाटेपासून दहा पावलांवर होती. फक्त ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण ते सांगू शकणाऱ्या कळ्या जिवंत नव्हत्या.

त्याच संध्याकाळी ते आईला दिलं. ताप उतरला. आई वाचली. गावात पुष्कळजण वाचले. पण औषधाने आग विझते, जळलेलं परत येत नाही. चौगुलेकाकूंच्या दाराला आता कुलूप आहे. आणि आईच्या फुफ्फुसांवर वण राहिले. ती घरी आली ती नाकाला नळी आणि खांद्याला प्राणवायूचं छोटं यंत्र लावून. पूर्वी ती जिन्यातूनच शाल्मलीला हाक मारायची. आता तिला एका दमात एक-दोन शब्दच जमतात, म्हणून ती सगळं नीट निवडून बोलते.

पावसाळा संपता संपता प्रयोगशाळेचं नव्याने उद्घाटन झालं. मांडव, हारतुरे, सातही देशांचे पाहुणे पडद्यावर. योलांदाबाई आपल्या शाळेच्या वर्गातून बोलल्या, तेव्हा आबांचे डोळे भरून आले. मुंबईचे अधिकारी माइकसमोर उभे राहिले. "श्वासबंध पुन्हा सुरू होत आहे! यापुढे कळ्यांना एक दिवसही उपास घडणार नाही. सातही देशांनी पाच वर्षांचा निधी मंजूर केला आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत बसलेल्या शाल्मलीने हात वर केला. लहान मुलगी कौतुकाचे चार शब्द बोलणार असं वाटून अधिकाऱ्यांनी हसून माइक तिच्याकडे द्यायला सांगितला.

"आणि सहाव्या वर्षी?" शाल्मलीने विचारलं.

 अधिकाऱ्यांनी घाम पुसला. "म्हणजे... सहाव्या वर्षी काय, बाळ, तेव्हाची परिस्थिती बघून..."

तेवढ्यात तिच्या शेजारी बसलेल्या आईने माइक आपल्याकडे ओढला. एक श्वास घेतला.

"सहाव्या वर्षी," ती म्हणाली. पुन्हा श्वास घेतला. सगळा मांडव थांबून राहिला.

"ही... मोठी असेल." आणखी एक श्वास. "पुन्हा... विचारेल."

या वेळी टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.